ॲल्युमिनियम नेमप्लेटवरचा क्लिअर कोट: पावसाळ्यात पांढरा पडतो, तेलात छपाईसकट सुटतो

मच्छे_नेमप्लेट

नमस्कार मंडळी. हायड्रॉलिक पंप आणि पॉवर पॅकवर बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नेमप्लेटबद्दल विचारायचं आहे. पत्रा १ मिमी, प्लेट १०० बाय ७५ मिमी, चार कोपऱ्यांत रिव्हेटची भोकं. एका खेपेला ४०० प्लेट. काळा आणि लाल रंग स्क्रीन प्रिंटिंगने, टू-पॅक (शाई आणि कॅटालिस्ट वेगळे, वापरताना मिसळायचे) इपॉक्सी इंकने. सिरियल नंबर आणि क्यूआर कोड यूव्ही फ्लॅटबेडवर (यूव्ही प्रकाशाने शाई पिकवणारा प्रिंटर). वरून क्लिअर (पारदर्शक थर): पूर्वी एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, आता टू-के पीयू (हार्डनर मिसळून वापरायचा पॉलियुरेथेन).

तक्रारी तीन आहेत. पाऊस लागल्यापासून क्लिअर मारून दहा-पंधरा मिनिटं झाली की प्लेट पांढुरकी होते. काहींची पांढरी झाक वाळताना उतरते, काहींची कायम राहते. दुसरी, गिऱ्हाइकाकडे डिझेलच्या चिंधीने प्लेट पुसली की यूव्हीचा नंबर क्लिअरसकट सुटतो. स्क्रीनची अक्षरं तिथेच राहतात. तिसरी, क्लिअरचा हात बसला की लाल अक्षरांच्या कडा पसरतात, काळ्याच्या नाही.

ओव्हन आहे, १५० अंशांपर्यंत जातो. कॉम्प्रेसर २ एचपी, साधी गन. यापेक्षा भक्कम क्लिअर कोणता घ्यावा?

उद्यमबाग_रंगकाम

क्लिअर बदलायच्या आधी तो कुठून सुटतो ते बघा. तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत आणि नुसता महागडा डबा आणून त्यातलं एकही मिटणार नाही.

सुटलेला एक पापुद्रा उजेडात धरा आणि त्याची खालची बाजू बघा. नंबर पापुद्र्याला चिकटून आलाय आणि खाली धातू चकचकीत दिसतोय, तर पकड धातू आणि शाई यांच्यात गेली. नंबर धातूवरच आहे आणि पापुद्रा स्वच्छ निघालाय, तर शाई आणि क्लिअर यांच्यात गेली. पापुद्रा निघतच नाही, नखाने चिकट कण खरवडून येतात, तर क्लिअरच कच्चा राहिलाय. पहिल्यात प्रायमर आणि सफाई, दुसऱ्यात शाईचा पृष्ठभाग, तिसऱ्यात मिक्सिंग तपासायचं. तुमच्या वर्णनावरून पहिली शक्यता जास्त वाटते, कारण त्याच क्लिअरखाली स्क्रीनची अक्षरं टिकलीत.

आता पांढरेपणा. थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता ओढून घेतो. प्लेट दवबिंदूच्या खाली गेली की हवेतला ओलावा ओल्या फिल्मवर बसतो. हवा २५ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २२ अंशांवर असतो, म्हणजे तुमच्या हातात फक्त तीन अंश आहेत आणि थिनर ते सहज खाऊन टाकतो. रंगकामातला नियम असा की प्लेटचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर पाहिजे, आणि ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता असताना टू-के मारायचाच नाही. जुलैत बेळगावात दिवसचे दिवस आकडा त्याच्या वरच असतो. म्हणून आर्द्रतामापक भिंतीवर लावा. साधा डिजिटल मिळतो, तोच पुरे.

उपाय महाग नाही. प्लेट ओव्हनमध्ये ४० अंशांवर दहा मिनिटं ठेवा, बाहेर काढून ३० ते ३५ अंशांवर असतानाच मारा. १ मिमीचा पत्रा पटकन थंड होतो, म्हणून एका वेळी एकच ट्रे काढायचा. स्लो थिनर वापरा. मारून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवा, मग ६० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा तास. मोजायचं ते प्लेटचं तापमान, ओव्हनच्या डायलचं नव्हे. ओली प्लेट थेट ओव्हनमध्ये सारली तर वरचा थर आधी बंद होतो, खालचा थिनर त्यातून फुटून बाहेर येतो आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात.

पीयूत ओलाव्याचा आणखी एक त्रास आहे. हार्डनरमधला आयसोसायनेट पाण्याशीही जुळतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. फिल्ममध्ये बारीक बुडबुडे दिसले आणि हवा फार दमट नसेल, तर संशय कॉम्प्रेसरवर घ्या. टाकीचा ड्रेन सकाळी आणि दुपारी उघडा. गनपाशी मॉइश्चर सेपरेटर लावा, कॉम्प्रेसरपाशी लावून उपयोग नाही, हवा नळीत थंड झाल्यावरच पाणी सुटतं. गनमध्ये काही न भरता स्वच्छ आरशावर मिनिटभर नुसती हवा सोडा. धूसर डाग आला तर पाणी, बोटाला तेलकट लागलं तर कॉम्प्रेसरचं ऑइल.

सफाईचा क्रम सांगतो. शिअरिंग, पंचिंग आधी संपवा. धारेवरची बर (कापताना राहिलेली खरखरीत कोर) कानसून कडा किंचित गोल करा, कारण ओली फिल्म धारदार कडेवरून मागे सरकते आणि तेल तिथूनच आत शिरतं. मग डिग्रीझिंग थिनरने किंवा न्यूट्रल क्लीनरने धुवा, पाण्याने धुऊन वाळवा. राखाडी स्कॉच-ब्राइटने एकसारखं घासा, परत आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा. चिंधी दोन ठेवा, एक ओली आणि एक कोरडी, आणि ओली असतानाच कोरडीने पुसून घ्या. आयपीए तसाच उडू दिला तर विरघळलेलं तेल पातळ पसरून परत तिथेच बसतं. शेवटी पाणी शिंपडा. एकसंध पसरलं तर पत्रा स्वच्छ, थेंब थेंब झालं तर परत पहिल्यापासून. त्यानंतर उघड्या हाताने धरायचं नाही.

निपाणी_स्क्रीन

लाल पसरतो आणि काळा नाही, म्हणजे लाल शाई पूर्ण पिकलेली (आतून कडक झालेली) नाही. टू-पॅक इपॉक्सी एकदा पिकली की पीयू थिनरने हलत नाही. दोन्ही रंग एकाच ओव्हनमध्ये एकाच वेळी जात असतील तर लालमध्ये कॅटालिस्ट कमी पडलाय, नाहीतर नीट ढवळला गेला नाही, नाहीतर मिसळून ठेवलेली शाई दुसऱ्या दिवशी वापरलीय. भिजवलेली शाई साधारण एका पाळीपुरतीच असते. थिनर घालून पातळ होते म्हणून ती चांगली आहे असं नव्हे. छापायला येते, पण धातूला धरायची ताकद संपलेली असते.

अंदाजाने चमचा घालू नका. किचनच्या वजनकाट्यासारखा १ ग्रॅमचा काटा ठेवा आणि डब्यावर प्रमाण वजनाने दिलंय की मापाने ते वाचा. शाईला बहुधा वजनाने असतं, क्लिअरला बहुधा मापाने. घोळ इथेच होतो.

बेकिंगचा आकडा शाई बनवणाऱ्याचा घ्या. बऱ्याच टू-पॅक शाया १२० ते १४० अंशांना २० ते ३० मिनिटांत पिकतात. नुसत्या हवेवर ठेवल्या तर पाच-सहा दिवस लागतात, आणि तेही हवा गरम असेल तर. निपाणी-बेळगावच्या पावसाळी थंडाव्यात हवेवर भरवसा नको. ट्रेवर प्लेट एकमेकींवर चढवल्या तर मधल्या कच्च्या राहतात. मधल्या एका प्लेटला थर्मोकपल (तापमान मोजायची तार) चिकटवून एकदा ओव्हन तपासा आणि ट्रेची जागा ठरवून टाका.

तपासणी सोपी आहे. कापसाच्या बोळ्यावर एमईके (मिथाइल इथाइल कीटोन, जहाल सॉल्व्हंट) घ्या, बोटाने साधारण एक किलोचा दाब देऊन पुढे-मागे ५० वेळा घासा. पुढे-मागे मिळून एक. बोळ्याला नुसती लालसर झाक आली तर चालेल. रंग उतरला, अक्षर मऊ पडलं, तर त्या खेपेवर क्लिअर मारायचाच नाही, परत ओव्हनमध्ये घाला. एमईके मिळाला नाही तर तुमच्या क्लिअरचाच थिनर वापरा, शेवटी शाईला तोंड त्यालाच द्यायचंय.

तरी लाल नाजूक वाटत असेल तर पहिला हात अगदी कोरडा, धुक्यासारखा मारा. अक्षरांवर नुसता खरखरीत थर बसला पाहिजे, चकाकी येता कामा नये. दहा मिनिटांनी दुसरा हात ओला. पहिलाच हात ओला बसला तर थिनर शाईत मुरायला वेळ मिळतो.

आणि एक: पिकलेल्या इपॉक्सीवर क्लिअर फार लांबवू नका. आठवडाभर गोदामात पडलेल्या प्लेटवर धूळ आणि हाताचं तेल बसतं. शिवाय पूर्ण टणक झालेल्या गुळगुळीत शाईवर पकडही कमी मिळते, आणि छपाई असल्यामुळे घासता येत नाही.

मच्छे_नेमप्लेट

दोघांनाही धन्यवाद. पापुद्रा बघितला. नंबर पापुद्र्याच्या पाठीला आला, खाली धातू कोरा. यूव्हीच्या आधी प्रायमर लावत नाही. पापुद्र्याच्या पाठीला बोट लावलं तर काळी शाई किंचित चिकटही लागते.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. गिऱ्हाइकाकडे प्लेट रिव्हेट केल्यावर अख्खा पंप गरम सोड्याच्या टाकीत धुतात. आणि क्लिअरमध्ये दुकानात सुटा मिळणारा एनसी थिनर जातो, पीयू थिनर दरवेळी मिळत नाही म्हणून.

उद्यमबाग_रंगकाम

एनसी थिनर आजपासून बंद. त्यात अल्कोहोल असतात आणि ते हार्डनरलाच खाऊन टाकतात. आयसोसायनेटने क्लिअरच्या रेझिनला बांधायचं असतं, तो अल्कोहोलशी जुळून संपतो. वरून फिल्म वाळल्यासारखी दिसते, नखही बसत नाही, पण आतली जाळी विरळ राहते आणि डिझेल लागलं की फुगते. शिवाय एनसी थिनर झपाट्याने उडतो, म्हणजे पावसाळ्यात पांढरेपणाही तोच वाढवतो. पीयू थिनर पाच लिटरचा कॅन एकदम घेऊन ठेवा, झाकण घट्ट. आयपीएने पुसल्यावरही तो पूर्ण उडेपर्यंत थांबा, कारण तेसुद्धा अल्कोहोलच.

प्रमाण तुमच्या कामापुरतं काढून देतो. १०० बाय ७५ च्या ४०० प्लेट म्हणजे ३ चौरस मीटर. वाळल्यावर ५० मायक्रॉन हवेत. फवारायच्या मिश्रणात घन भाग ४० टक्के धरला तर ओली फिल्म १२५ मायक्रॉन, म्हणजे चौरस मीटरला १२५ मिली, एकूण ३७५ मिली. छोट्या प्लेटवर निम्मा माल प्लेटींच्या मधून उडून जातो, म्हणून दुप्पट धरा. २:१ च्या क्लिअरला ५०० मिली क्लिअर, २५० मिली हार्डनर, ७५ मिली थिनर, एकूण ८२५. तुमचा क्लिअर ४:१ चा असेल तर त्याचं प्रमाण वेगळं. एका क्लिअरचा हार्डनर दुसऱ्याला चालवायचा नाही. हार्डनर जास्त झाला तर फिल्म ठिसूळ होते आणि रिव्हेट दाबताना भोकाभोवती तडा जातो. कमी झाला तर मऊ राहते.

एवढं सगळं एकदम भिजवू नका. २५ अंशांना दोन-तीन तास मिळतात, उन्हाळ्यात त्याहून कमी. दोन वेळा अर्धं अर्धं करा. नोझल १.३ किंवा १.४ मिमी, दाब २ बारच्या आसपास, अंतर १५ ते २० सेंटिमीटर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा. वेट फिल्म गेजची कंगव्यासारखी पट्टी कोपऱ्यातल्या एका टाकाऊ प्लेटवर टेकवून बघत चला. डोळ्याने चकाकी दिसते, जाडी दिसत नाही.

यूव्हीची शाई चिकट लागते म्हणजे तळाशी ती पिकलेलीच नाही. काळा रंग प्रकाश वरच्या वर शोषून घेतो, पांढरा परतवतो, त्यामुळे या दोन्हींचा तळ कच्चा राहतो. पासची (प्रिंटरच्या फेऱ्यांची) संख्या वाढवून दर पासला शाई कमी टाका, लॅम्पची पॉवर वाढवा, आणि लॅम्पची काच पुसा. काचेवर शाईचे तुषार बसले की प्रकाश अर्ध्यावर येतो आणि मशिनच्या स्क्रीनवर मात्र शंभर टक्केच दिसतं. धातूवर यूव्ही छापायच्या आधी मेटल प्रायमर पाहिजेच, पुसून लावायचा सिलेन जातीचा. तो इतका पातळ हवा की लावलाय हे डोळ्याला कळू नये. जाड लावला तर प्रायमरच मधल्यामध्ये फाटतो. छपाईनंतर २४ तास थांबून, आयपीएने अगदी हलकं पुसून क्लिअर मारा. या शायांत पृष्ठभाग घसरडा करणारं सिलिकॉन असतं, त्यामुळे क्लिअर कधी कधी अक्षरावरून मागे सरकतो. ३८ चा डाइन पेन (पृष्ठभागावर द्रव नीट पसरतो का ते दाखवणारा) ओढून बघा. रेघ अखंड राहिली तर पुढे जा, मण्यांसारखी तुटली तर क्लिअर बसणार नाही.

सोड्याच्या टाकीचं मात्र क्लिअर कोणताही असो, भांडण राहणारच. सोडा म्हणजे अल्कली, आणि अल्कली ॲल्युमिनियमला खातो. कापलेली कड आणि रिव्हेटचं भोक इथे धातू उघडा असतो, सोडा तिथून आत शिरतो, हायड्रोजन सुटतो आणि फिल्मखाली फोड येतात. फोड कडेपासून सुरू होऊन आत सरकताना दिसले तर कारण हेच. गिऱ्हाइकाला सांगा की प्लेट धुण्यानंतर लावावी. ते जमत नसेल तर क्लिअर भोकं पाडल्यानंतर, कडांसकट आणि मागूनही मारा, आणि त्यांना ॲल्युमिनियमला चालणारा न्यूट्रल क्लीनर वापरायला लावा.

मास्कचं ठासून सांगतो. पीयू फवारताना तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क म्हणजे काहीच नाही. आयसोसायनेटने दमा लागतो, आणि एकदा शरीर त्याला बिथरलं की पुढे थोड्याशा वाफेनेही झटका येतो. ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज आणि त्यापुढे धुळीचा फिल्टर असलेला मास्क, हातमोजे, चष्मा, आणि बाहेर टाकणारा पंखा. रोजचं काम असेल तर बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क घ्या. जवळ कॉइलचा हीटर किंवा गॅस नको.

अनगोळ_ॲनोडायझिंग

हायड्रॉलिक आणि मशिन टूलच्या प्लेटला मी छापून वर क्लिअर हा मार्गच शेवटी ठेवेन. ॲनोडाइझ (विजेने धातूवर ऑक्साइडचा सच्छिद्र थर चढवणं) करून सीलिंगच्या आधी छापा, मग सील करा. त्यात शाई धातूवर बसत नाही, ऑक्साइडच्या छिद्रांत उतरते आणि सीलिंगने छिद्रांची तोंडं मिटतात. सोलायला फिल्मच उरत नाही.

जाडी १० ते १५ मायक्रॉन ठेवा, त्याहून पातळ थरात रंग फिका येतो. ॲनोडाइझ झाल्यावर प्लेट थंड पाण्याने धुवा, गरम पाणी लागलं तर छिद्रं तिथेच मिटायला लागतात. वाळवून शक्यतो त्याच दिवशी छापा. शाई डायची पाहिजे, ॲनोडायझिंगसाठीची. नेहमीची पिगमेंटची शाई छिद्रांत शिरत नाही, कण मोठे असतात. छापल्यावर ९६ अंशांच्या वरच्या शुद्ध पाण्यात सीलिंग, मायक्रॉनला दोन ते तीन मिनिटं. १२ मायक्रॉनला साधारण अर्धा तास होतो. बोअरचं पाणी घेऊ नका. क्षारांची भुकटी बसते आणि सीलिंग अर्धवट राहतं. डी-मिनरलाइज्ड पाणीच.

सील झालं की नाही ते बघायला मार्करने कोपऱ्यात ठिपका द्या, पाच मिनिटांनी आयपीएने पुसा. पूर्ण गेला तर सील चांगलं. निळसर डाग राहिला तर छिद्रं उघडी आहेत. हीच खूण कच्चा माल घेताना उलटी वापरा: छापायला आणलेल्या ॲनोडाइझ पत्र्यावर ठिपका पुसला गेला तर तो आधीच सील आहे, त्यावर हे काम होणार नाही.

मर्यादा दोन. अल्कलीसमोर हेही टिकत नाही, उलट ऑक्साइडच विरघळतो. आणि डायचे सगळे रंग उन्हाला सारखे नाहीत. काळा भरवशाचा, लाल-नारिंगी पाहून घ्यावे लागतात. बदलणारा नंबर आणि क्यूआर यासाठी त्याच ॲनोडाइझ प्लेटवर लेझर मार्किंग करा. यूव्ही प्रिंटची कटकटच जाते.

पावडरचा क्लिअर विचारणारे बरेच असतात. पॉलिएस्टर क्लिअर पावडर १८० ते २०० अंशांना दहा-पंधरा मिनिटं जाते, जाडी ६० ते ८० मायक्रॉन. तुमचा ओव्हन १५० चा, तिथेच विषय संपला. बाहेर द्यायचं म्हटलं तरी यूव्ही शाई त्या तापमानाला पिवळी पडते किंवा फुगते, सब्लिमेशनचा (उष्णतेने वाफ करून उतरवलेला) रंग परत उडून वरच्या थरात शिरतो आणि अक्षरं धूसर होतात. पावडर फक्त त्या तापमानाला टिकणाऱ्या शाईवर, आणि आधी नमुना करूनच.

खानापूर_फलक

इथे मशिनच्या प्लेटचं चाललंय, पण बाहेरच्या फलकांवाल्यांनाही हे लागतं म्हणून थोडं भर घालतो. आपल्या भागात फलकावर कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही येतात, जागा तेवढीच, म्हणून अक्षर बारीक होतं. सुटायला सुरुवात नेहमी अनुस्वारापासून होते. ठिपका ३ मिमीचा असेल तर त्याला क्षेत्रफळ कमी आणि भोवती कड जास्त, पाणी चारी बाजूंनी शिरतं. फलक तपासायला गेलात तर मोठी अक्षरं बघू नका, टिंबं आणि रफार बघा. बारीक अक्षर धातूवर सुटं छापण्याऐवजी खाली पूर्ण रंगाचा थर देऊन त्यावर छापा, क्लिअर सगळ्यावरून एकसंध जातो.

जागेप्रमाणे क्लिअरचं काम बदलतं. कणकुंबी-जांबोटीकडे पाणी हा शत्रू, तिथे कडा आणि स्क्रूची भोकं सांभाळायची. अथणी-रायबागकडे ऊन, तिथे यूव्ही ॲब्झॉर्बर आणि हाल्स (उन्हाने क्लिअर खराब होणं रोखणारं रसायन) दोन्ही असलेला ॲक्रिलिक-पीयू क्लिअर पाहिजे आणि जाडी ५० ते ६० मायक्रॉन पाहिजेच. ॲब्झॉर्बर जाडीच्या हिशेबाने अडवतो, २० मायक्रॉनच्या थरात डब्यावर काहीही लिहिलेलं असलं तरी ऊन आरपार जातं. क्लिअरमुळे रंग मुळीच उडणार नाही असं गिऱ्हाइकाला सांगू नका. दिसणारा प्रकाशही रंग उडवतो आणि तो क्लिअर अडवत नाही. मजेंटा आणि पिवळा आधी जातात, फ्लुरोसंट तर बाहेर वापरूच नयेत.

इपॉक्सी क्लिअर उन्हात नको. चिकटतो छान, पण पिवळा होतो आणि मग खडूसारखी भुकटी सुटते. कारवारच्या बाजूला जाणाऱ्या फलकाला खारी हवा लागते, तिथे जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्यापेक्षा ॲल्युमिनियम आणि रिव्हेटही ॲल्युमिनियमचेच. जीआयवर नेहमीचा ऑइल पेंट थेट मारून त्यावर छपाई केली तर जस्त आणि तेलाची साबणासारखी प्रक्रिया होऊन सगळं पत्र्यापासून सुटतं. तिथे जीआयला चालणारा प्रायमर आधी. एसीपी शीट (दोन ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेलं) ओव्हनमध्ये घालू नका, मधलं पॉलिथिन मऊ होऊन शीट वाकतं. त्याला हवेवरच सात दिवस द्या.

मच्छे_नेमप्लेट

बरंच सुधारतंय. प्लेट गरम करून आणि पीयू थिनर घालून मारलं तर पांढरेपणा गेला. आता दोनच प्रश्न. क्यूआर काही स्कॅनरला चकाकीमुळे लागत नाही, मॅट क्लिअर चालेल का? आणि खेप पाठवण्याआधी काय तपासायचं, म्हणजे परत येणार नाही?

उद्यमबाग_रंगकाम

पूर्ण मॅट नको, सॅटिन (अर्धवट चकाकीचा) घ्या. मॅटमध्ये सिलिकाची पूड असते, ती तळाला बसते. डबा नीट ढवळला नाही तर पहिल्या ट्रेला चकाकी आणि शेवटच्या ट्रेला राख असा फरक येतो. जाड बसला तर काळ्या अक्षरावर करडी झाक येते. तेलकट हाताचे ठसेही मॅटवर जास्त धरतात. सॅटिनने स्कॅनर बहुतेक वेळा वाचतो.

तपासणीला दर खेपेतल्या तीन प्लेट बाजूला काढा, एक पहिल्या ट्रेची, एक मधल्या, एक शेवटच्या. ६० अंशांच्या बेकिंगनंतर चोवीस तासांनी क्रॉस-हॅच (चिरांची जाळी पाडून टेपने पकड बघणं) करा. यूव्हीची शाई धरून एकूण जाडी ६० मायक्रॉनच्या वर जाते, म्हणून चिरा २ मिमी अंतराने घ्या. फक्त स्क्रीनच्या भागात ६० पर्यंत असेल तर १ मिमी. सहा आडव्या, सहा उभ्या, ब्लेड धातूपर्यंत गेलं पाहिजे. टेप बोटाने घासून बसवा आणि साधारण ६० अंशांच्या कोनात एका झटक्यात ओढा. ही जाळी यूव्हीच्या नंबरावर मारा, कोऱ्या जागेवर नको. या चाचणीच्या आयएसओ २४०९ मानकात ० म्हणजे काहीच सुटलं नाही, १ म्हणजे चिरांच्या छेदांवर बारीक कपचे. १ पर्यंत पाठवा, २ आला तर खेप थांबवा.

दुसरी प्लेट गिऱ्हाइकाच्याच हायड्रॉलिक ऑइलमध्ये ६० अंशांवर चोवीस तास बुडवा, पुसून तासाभराने नखाने दाबा. खूण उठून राहिली तर क्लिअर कच्चा. तिसरीवर डिझेलची चिंधी ५० वेळा. दुकानात मिळणारा एक-डब्याचा ॲक्रिलिक स्प्रे याच चाचणीत पहिल्या मिनिटाला चिकट होतो, म्हणून दुरुस्तीलाही तो वापरू नका. एक-दोन प्लेटसाठी तळाशी बटण दाबून हार्डनर फोडायचा टू-के स्प्रे कॅन मिळतो, तो फोडल्यावर एक-दोन दिवसांत संपवावा लागतो.

आधीच्या पांढऱ्या पडलेल्या प्लेट फेकू नका. टणक झाल्या असतील तर ८०० च्या पाणपेपरने हलकं घासा, छपाईपर्यंत जायचं नाही. वाळवून, गरम करून, स्लो थिनर घातलेला एक हात वरून द्या. पांढरेपणा वरच्या थरात असेल तर जातो. आत खोलवर बुडबुडे असतील तर जात नाही, त्या प्लेट मात्र काढून परत छापा.

उरलेला हार्डनर लहान डब्यात काठोकाठ भरून ठेवा, वर हवा कमी राहील असा. उघडल्यावर गाठी किंवा दुधाळपणा दिसला तर गाळून वापरायचा नाही. आणि हार्डनर मिसळलेला उरलेला माल झाकण लावून ठेवू नका, ओलावा असेल तर आत गॅस होऊन डबा फुगतो.

निपाणी_स्क्रीन

मच्छेकर, रिव्हेट करणाऱ्यांनाही एक सूचना चिठ्ठीवर लिहून खेपेबरोबर द्या: ओव्हनमधून निघाल्यावर सात दिवसांच्या आत रिव्हेट मारायचे नाहीत आणि रिव्हेटखाली नायलॉनची पातळ वॉशर घालायची. भोकाभोवतालचा क्लिअर तिथे दाबला जाऊन फुटला की डिझेल आणि सोडा दोन्ही तिथूनच आत जातात.